आगीतून फुफाट्यात : युद्धनौकांवरील ॲस्बेस्टॉसची हकीकत

मंडळी, ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण आपण रोज वापरतो. एका संकटातून सुटावे आणि लगेच दुसऱ्यात सापडावे, अशा वेळी ती सहज तोंडी येते. आज जी हकीकत आपल्यापुढे ठेवायची आहे, तिला ही म्हण अक्षरशः लागू पडते. युद्धनौकांवर आगीच्या भयाने एक विलक्षण खनिज बसवण्यात आले. आगीपासून त्याने रक्षण केले, पण त्याची धूळ हजारो नौसैनिकांच्या आणि गोदी कामगारांच्या छातीत जाऊन बसली. पुढे त्यांना भरपाई मिळाली का, मिळाली तर कशी आणि किती उशिरा, हा या हकीकतीचा दुसरा भाग. ती घडली मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेत; पण तिचे एक टोक आपल्या देशालाही येऊन भिडलेले आहे. ते शेवटी पाहू.

घराला आग लागली तर माणूस अंगणात धावतो, गाव गोळा होते, विहिरीवरून बादल्या येतात. भर समुद्रात बोट पेटली तर धावायचे कोठे? १९३४ च्या सप्टेंबरात ‘मॉरो कॅसल’ नावाची उतारूंची आगबोट अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच पेटली आणि सव्वाशेहून अधिक माणसे प्राणाला मुकली. त्यानंतर बोटींच्या बांधणीत न जळणारे साहित्य वापरण्यावर फार भर आला. उतारूंच्या बोटीची ही कथा. मग ज्या नौकेच्या पोटात दारूगोळा आणि तेल भरलेले, तिची काय कथा सांगावी?

आता अशा नौकेच्या पोटात काय चालते ते पाहा. विसाव्या शतकातल्या बहुतेक काळात मोठ्या युद्धनौका वाफेवर चालत. बॉयलरमध्ये पाणी तापवायचे, त्याची वाफ नळांतून टर्बाइनकडे न्यायची, आणि तिच्या जोरावर नौकेचा पंखा फिरवायचा. ही वाफ म्हणजे चुलीवरच्या पातेल्यातली वाफ नव्हे, बरे का! दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विनाशिकांवर तिचे तपमान साडेचारशे अंश सेल्सिअसच्या घरात असे. नळ उघडे ठेवले तर माणूस भाजून निघायचा आणि वाफही वाटेतच निवायची. म्हणून नळांना आणि बॉयलरांना जाड वेष्टण हवे, आणि ते वेष्टण कधी पेट घेता कामा नये.

हे वेष्टण ॲस्बेस्टॉसचे असे. हे नाव मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘न विझणारा’ असा आहे. खाणीतून निघणारा हा दगडच. पण फोडला की त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. ते पिंजता येतात, त्यांचे सूत निघते, सुताचे कापड होते, आणि ते कापड विस्तवात टाकले तरी जळत नाही. पांढरा, तपकिरी आणि निळा हे त्याचे व्यवहारातले तीन मुख्य प्रकार. वजनाला हलका, किमतीला स्वस्त. तेव्हा तो नळांवर चढला, बॉयलरभोवती बसला, सांध्यांच्या चकत्यांत, पंपांच्या पॅकिंगमध्ये आणि खोल्यांच्या भिंतींतही गेला.

त्याच्याशी कोणाचा संबंध येई? पहिला गोदीतल्या लेपकामगाराचा. तो कोरडी भुकटी पाण्यात कालवून नळावर थापी, त्याच्या चादरी करवतीने कापी. दुसरा नौकेवरच्या आगवाल्याचा आणि यंत्रे सांभाळणाऱ्यांचा. आगवाला हा शब्द आपल्या कोकणात नवा नाही; पिढ्यान्‌पिढ्या तिथली माणसे आगबोटींवर या कामाला गेलेली आहेत. एखादा व्हॉल्व्ह बिघडला की आधी त्यावरचे वेष्टण फोडायचे, मग दुरुस्ती, मग पुन्हा नवे वेष्टण. खोली कोंदट, वारा नाही, आणि हवेत पांढरी धूळ तरंगते आहे. शिवाय वाफेचे नळ काही यंत्रघरातच थांबत नसत; खलाशी जिथे जेवत आणि झोपत, तिथूनही ते जात.

या धुळीचा कण माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी बारीक असतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसात खोल जातो. आपण खाकरलो की साधी धूळ कफाबरोबर बाहेर पडते. हे तंतू मात्र रुतून बसतात. त्यांच्यामुळे होणारे तीन रोग सांगितले पाहिजेत. पहिला ॲस्बेस्टॉसिस : यात फुप्फुस हळूहळू कडक होते आणि चार पायऱ्या चढताना दम लागतो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा : हा कर्करोग बहुधा फुप्फुसावरच्या पातळ पडद्याला होतो. त्यातून बरे होणे जवळजवळ नाहीच. निदान झाल्यावर बहुतेक रोगी वर्ष-दीड वर्षापलीकडे जगत नाहीत.

पण या सगळ्यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवायची, कारण पुढची सारी हकीकत तिच्याभोवती फिरते. धूळ आज छातीत गेली, तर रोग उद्या दिसत नाही. मेसोथेलिओमा तर वीस, तीस, चाळीस, कधी पन्नास वर्षांनी डोके वर काढतो. विसाव्या वर्षी आरमारात भरती झालेला पोरगा साठीला आलेला असतो, नातवंडे खेळवत असतो, आणि तेव्हा खोकला सुरू होतो.

आता तुम्ही विचाराल, हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते का? ठाऊक होते, निदान काही जणांना तरी. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. मॉंटेग्यू मरे यांनी १८९९ साली ॲस्बेस्टॉस पिंजणाऱ्या एका कामगाराला तपासले होते. वय अवघे तेहतीस. त्याच्या खात्यातले सोबती आधीच मरण पावले होते आणि मागे तो एकटाच उरला होता. तोही गेला. १९०६ साली डॉ. मरे यांनी ही गोष्ट सरकारी समितीपुढे सांगितली. १९२४ साली रॉशडेल गावी नेली कर्शॉ नावाची ॲस्बेस्टॉसचे सूत काढणारी स्त्री, तीही तेहतिसाव्या वर्षीच, वारली. डॉ. कुक यांनी तिच्या आजाराची हकीकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. तिच्या मालकांनी मात्र भरपाई द्यायचे नाकारले. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला या धंद्यातल्या रोगाबद्दल अहवाल दिला, आणि १९३१ साली धुळीला आळा घालणारे नियम झाले. पण त्या नियमांचा रोख होता ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कारखान्यांवर. दूर समुद्रात व्हॉल्व्ह खोलणाऱ्या आगवाल्याला त्यांचा उपयोग नव्हता.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. अमेरिकेत तर गोद्या रात्रंदिवस चालू लागल्या. युद्धकाळात तिथे चाळीस लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांनी जहाजबांधणीच्या कामाला हात लावला. या गोद्यांतल्या लेपकामगारांची तपासणी करून १९४६ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. १०७४ कामगारांच्या छातीची चित्रे घेतली होती. त्यांत ॲस्बेस्टॉसिस झालेले निघाले किती? फक्त तीन. तेव्हा नळांवर वेष्टण चढवण्याचे हे काम फारसे धोक्याचे नाही, असा निष्कर्ष निघाला आणि पुढे कित्येक वर्षे तो आधार म्हणून दाखवला गेला.

शिक्षक मित्रांनो, या अहवालातली खोट तुमच्या चटकन लक्षात येईल. तपासलेल्यांपैकी शंभरांत पंचाण्णव जणांना या कामावर दहा वर्षेही झालेली नव्हती. जे तीन रोगी सापडले, ते तिघेही वीस वर्षांहून जुने कामगार होते. आंब्याची कोय पेरून आठ दिवसांनी पाहायला जावे आणि ‘इथे काही आंबा लागत नाही’ असे लिहून द्यावे, तशातला हा प्रकार. शिवाय दम लागून ज्याने काम सोडले, किंवा जो मरून गेला, तो तपासणीच्या रांगेत उभा राहणार कसा?

याच्या उलट काम केले न्यूयॉर्कचे डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी. समजा, १९४२ साली तुमच्या शाळेत असलेल्या मुलांचे पुढे काय झाले हे काढायचे आहे, तर आज वर्गात बसलेली मुले मोजून भागेल का? जुने रजिस्टर उघडावे लागेल आणि एकेका नावाचा माग काढावा लागेल. सेलिकॉफ यांनी नेमके तेच केले. वेष्टण चढवणाऱ्या कामगारांच्या संघटनेचे १९४२ सालचे दप्तर त्यांनी घेतले. त्यात ६३२ नावे होती. १९६२ अखेर त्यांतल्या प्रत्येकाचे काय झाले ते त्यांनी शोधले. २५५ जण वारले होते. फुप्फुसाच्या आणि त्यावरील पडद्याच्या कर्करोगाने सर्वसाधारण हिशेबाप्रमाणे सहा-सात मृत्यू व्हायला हवे होते. झाले होते ४५. हा निबंध १९६४ साली प्रसिद्ध झाला. काम तेच, धूळ तीच. एकाने हजर असलेल्यांना मोजले, दुसऱ्याने पटावरच्या सर्वांना मोजले. एवढ्या फरकाने निष्कर्ष पार उलटा झाला.

इतर पुरावेही त्याच सुमारास जमू लागले. १९६० साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या मुलुखात मेसोथेलिओमाचे ३३ रोगी दाखवून दिले. त्यांतले कित्येक खाणीत कधी उतरलेच नव्हते. फक्त लहानपणी त्या भागात राहिले होते. १९६५ साली लंडनमधल्या अभ्यासात असे आढळले की, कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा रोग होतो. आणि १९६८ साली ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर पी. जी. हॅरीज यांनी खुद्द नौदलाच्या गोद्यांविषयीच निबंध लिहिला. नवे वेष्टण चढवताना उडते त्यापेक्षा कितीतरी अधिक धूळ जुने वेष्टण ओरबाडून काढताना उडते, आणि रोग लेपकामगारांपुरता न राहता त्यांच्या शेजारी दुसरी कामे करणाऱ्यांनाही गाठतो, हे डेव्हनपोर्टच्या गोदीत दिसून आले होते.

म्हणजे रोग सिद्ध झाला. आता प्रश्न उरला भरपाईचा. आणि इथे नौसैनिकाच्या वाट्याला आलेली गोष्ट चमत्कारिक आहे.

कल्पना करा, एकाच ब्रिटिश युद्धनौकेच्या एकाच बॉयलरघरात दोन माणसे शेजारी शेजारी काम करीत आहेत. एक गोदीतला फिटर, दुसरा आरमारातला खलाशी. दोघांच्या छातीत तीच धूळ गेली आणि चाळीस वर्षांनी दोघांनाही तोच रोग झाला. फिटर न्यायालयात जाऊन संरक्षण खात्यावर दावा लावू शकत होता. खलाशाला मात्र ते दार बंद होते. का? तर पूर्वी इंग्लंडात राजसत्तेविरुद्ध नुकसानीचा दावाच लावता येत नसे. १९४७ च्या कायद्याने ही अडचण दूर केली, पण त्याच कायद्याच्या दहाव्या कलमाने सैनिकांना बाहेर ठेवले. सैनिकाची इजा नोकरीमुळेच झाली असे मंत्र्याने निवृत्तिवेतनासाठी प्रमाणपत्र दिले, की त्याचा दावा संपला! इजा नोकरीत झाली हे सरकारने मान्य करायचे, आणि त्या मान्यतेनेच न्यायालयाचे दार लावून घ्यायचे.

हे कलम १९८७ साली रद्द झाले. पण नवा कायदा पुढच्यांसाठी होता, मागच्यांसाठी नव्हता. ज्यांच्या छातीत १९५० आणि १९६० च्या दशकांत धूळ गेली होती, त्यांचा रोग आत्ता कोठे वर येत होता, आणि ते सगळे जुन्या कलमाखालीच राहिले. १९५५ ते १९६८ या काळात नौदलात असलेल्या एका वीजतंत्र्याने हा प्रश्न थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेला. २००३ साली निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

राहता राहिले युद्ध-निवृत्तिवेतन. ते वेतन थोडे थोडे, हप्त्याहप्त्याने मिळे. आता विचार करा, ज्याच्यापाशी जेमतेम वर्षभर आयुष्य उरले आहे, त्याला हप्त्यांनी मिळून मिळून किती मिळणार? माजी सैनिकांच्या ‘रॉयल ब्रिटिश लीजन’ या संघटनेने हाच मुद्दा लावून धरला. तेव्हा १६ डिसेंबर २०१५ रोजी ब्रिटिश सरकारने जाहीर केले की, मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकाला हवे असल्यास १ लाख ४० हजार पौंड एकरकमी मिळतील. पण त्यातही मेख होती : निदान त्या तारखेला किंवा त्यानंतर झालेले असले पाहिजे! आदल्या दिवशी ज्याला डॉक्टरने सांगितले, त्याने काय पाप केले होते? पुन्हा ओरड झाली, आणि फेब्रुवारी २०१६ अखेर ही सवलत आधीच्या रोग्यांनाही देण्यात आली.

अमेरिकेतली वाट थोडी निराळी. तिथेही नोकरीत झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही. १९५० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तसे ठरवले. मात्र माजी सैनिकांचे सरकारी खाते मासिक भरपाई देते आणि मेसोथेलिओमाच्या रोग्याला सहसा शंभर टक्के अपंग समजते. त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : धूळ नोकरीत लागली हे, आणि रोग त्या धुळीने झाला हे. नौदलातल्या कोणत्या हुद्द्याला धुळीचा संपर्क किती संभवतो, याचा तक्ताच त्या खात्याने ठेवला आहे. तेव्हा जुन्या नोकरीचा एक कागद तिथे लाखमोलाचा ठरतो.

दुसरी वाट म्हणजे माल पुरवणाऱ्या कंपन्यांवर दावा. टेक्सासच्या गोद्यांत आणि तेल कारखान्यांत १९३६ पासून वेष्टणाचे काम केलेल्या क्लॅरन्स बोरेल यांनी असा दावा लावला. निकाल लागण्याआधीच, १९७० साली, ते वारले. १९७३ साली अपील न्यायालयाने ठरवले की धोका ठाऊक असून इशारा न देणाऱ्या कंपन्या जबाबदार आहेत. मग दाव्यांची रीघ लागली. जॉन्स-मॅनव्हिल या बलाढ्य कंपनीने १९८२ साली, सोळा हजारांहून अधिक दावे अंगावर असताना, दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे १९८८ साली पीडितांसाठी एक विश्वस्त निधी उभा राहिला. दोन माजी नौसैनिकांच्या कुटुंबीयांचा दावा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे निकालात निघाला. कंपन्या म्हणत होत्या, ‘आम्ही नुसती लोखंडी यंत्रे विकली, ॲस्बेस्टॉस नौदलाने बसवला.’ न्यायालय म्हणाले, यंत्र चालायला तो भाग लावावाच लागतो आणि त्याचा धोका तुम्हाला ठाऊक आहे, पण वापरणाऱ्याला कळण्यासारखा नाही, असे असेल तर इशारा देणे तुमचे कर्तव्य होते. त्या दोघांपैकी एक जण नौदलात होता १९५७ ते १९६० या काळात. निकाल आला साठ वर्षांनी, आणि तो ऐकायला दोघांपैकी कोणीही हयात नव्हता.

आता आपल्याकडे वळू. ‘क्लेमेन्सो’ ही जुनी फ्रेंच विमानवाहू नौका २००५ च्या अखेरीस तूलाँ बंदरातून निघाली. ती मोडायची होती गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर. तिच्या पोटात अजून ॲस्बेस्टॉस होता; पण किती काढला आणि किती उरला, याचे आकडे काही जुळेनात. आपल्या सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेले, फ्रान्सच्या वरिष्ठ न्यायालयाने पाठवणीला स्थगिती दिली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये अध्यक्ष शिराक यांनी तिला परत बोलावले. पुढे ती इंग्लंडात हार्टलपूल येथे मोडली गेली. ज्या नौकेची धूळ तिच्या खलाशांना बाधली, तीच मोडणाऱ्या मजुरालाही बाधते; फरक इतकाच की, खलाशाचे नाव दप्तरात असते आणि रोजावर आलेल्या मजुराचे पुष्कळदा नसते.

या दप्तराचे महत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार आधी ओळखले होते. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल देताना न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा येईल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. रोग झालेल्या कामगाराला १ लाख रुपये भरपाई देण्याचेही त्यात होते. चाळीस वर्षे हा आकडा मोठा वाटेल. पण हा रोगच तितका सावकाश येतो. दप्तर रोगाआधी रद्दीत गेले, तर दावा कशाच्या आधारे लावायचा?

तेव्हा मंडळी, दोन साध्या गोष्टी ध्यानात ठेवा. ज्यांच्या घरात कोणी आरमारात, आगबोटीवर, गोदीत, बॉयलरवर किंवा ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केले असेल, त्यांनी त्याचे नोकरीचे कागद जपून ठेवावेत : कोणत्या साली, कोणत्या बोटीवर किंवा खात्यात, काम कोणते. त्याला दम लागू लागला, तर हे जुने काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नुसते ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. दुसरी गोष्ट घरच्या छपराची. गोठ्यावर, पडवीवर जे सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतात, त्यांतल्या पुष्कळांत पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. जागेवर धड असलेला पत्रा सहसा धूळ सोडत नाही. पण तो कोरडा असताना करवतीने कापू नये, घासू नये, फोडू नये, त्याचा चुरा अंगणात पसरू नये, आणि तुकडे पोरांच्या हाती खेळायला देऊ नयेत. काढावाच लागला तर आधी पाण्याने चांगला भिजवावा, अखंड उतरवावा, आणि ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे.